आप्पांच्या टोपीवरचे निळे ठिपके

गेल्या मंगळवारी सकाळी जळकोटजवळच्या एका गावात मला काम बंद करायला सांगितलं... तेही अर्धं शेत फवारून झाल्यावर.

मी ड्रोन पायलट आहे, शेतात फवारणी करते. राहणार भोकर. लोकांना वाटतं पायलट म्हणजे गॉगल लावून रिमोट हलवायचा, झालं! खरं काम म्हणजे अंधारात उठून पाण्याचे कॅन भरा, जनरेटर पिकअपमध्ये चढवा, शेतावरून विजेच्या तारा कुठून गेल्यात ते डोळे फाडून बघा... आणि वारा सुटायच्या आत जेवढं होईल तेवढं उडवा. वारा सुटला की पायलट झाडाखाली डबा उघडून बसतो.

गाडी माझे बाबा चालवतात. आयुष्यभर बस चालवली, रिटायर झाले, आता माझ्या बॅटऱ्या बदलतात. सुट्ट्या पैशांवरून कुणी भांडत नाही म्हणून खूश आहेत.

घरी मी एक शब्द दिला होता. हा सीझन बघते... कामं मिळाली नाहीत तर ड्रोन विकते आणि हैदराबादच्या लॅबमधली जुनी नोकरी पुन्हा धरते. भोकरकडची कामं संपत आली होती. या गावात तूर भरपूर, पण सगळ्यांचं एकच ठरलेलं, आधी आप्पांच्या शेतात बघू. आप्पा म्हणजे गावातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात चिकित्सक शेतकरी. ते हो म्हणाले तर गाव हो म्हणणार.

तूर फुलोऱ्यात, डोक्याच्या वर गेलेली. असल्या तुरीत पाठीवर पंप घेऊन शिरायचं म्हणजे निम्मं औषध पिकावर, निम्मं आपल्याच तोंडावर. त्यामुळे मी मनातल्या मनात काम पक्कं धरून बसले होते... नेहमीचा माझा आगाऊपणा.

दोन एकर झाले आणि मी नको नको म्हणत असताना आप्पा कडेच्या ओळीत शिरले. पानं चोळली, हात बघितला आणि बाहेर आले.

"पानं तर कोरडीच हायती. औषिद कुठं गेलं?"

आता खरं कारण साधं आहे. ड्रोनचे थेंब इतके बारीक असतात की पानावर बसतात आणि बघता बघता सुकतात. पण इकडे फवारणी झाली की नाही हे पान ठिबकतंय का यावरून ठरतं, आणि एकराला किती पंप लागले यावरून. मी मात्र मायक्रॉन, नोझल, पंख्यांचा दाब असलं काहीतरी बडबडत सुटले. वर मोठ्या तोंडाने सांगितलं की मला एकराला दहाच लिटर पाणी लागतं.

"धा लिटरात एक एकर? आमची म्हैस बी तेवढ्यात भागत न्हाई!"

बांधावर जमलेली सगळी मंडळी हसली. आप्पांनी हाताने खूण केली, बंद कर. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की आधी काय करावं कळेना. सीझन तिथेच संपला होता.

बाबा बॅटरी पुसत म्हणाले, "नुसतं काय बघून राहिलीस? दाखव की त्यांना."

दाखवू काय? सुकलेलं औषध? तेवढ्यात माझी नजर आप्पांच्या टोपीवर गेली. पांढरीशुभ्र, किंचित निळसर झाक असलेली... नीळ! त्यांची बायको, म्हणजे मावशी, चहाची किटली घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, घरी निळीची बाटली आहे का? मावशी सरळ घराकडे चालायला लागल्या.

टाकी तीनदा धुतली. साधं पाणी भरलं, नीळ ओतली आणि आप्पांकडे टोपी मागितली. म्हटलं, न फवारलेल्या तुरीच्या शेंड्याला अडकवते.

"शेंड्याला कुणी बी भिजवंल. अळी आत ऱ्हाती," म्हणाले, आणि स्वतःच आत जाऊन टोपी कमरेएवढ्या उंचीवर, दाट फांद्यांत खोचून आले. मनात म्हटलं, मेले! पण बोलणं त्यांचं बरोबर होतं.

सगळ्यांना बांधामागे उभं केलं आणि उडवलं.

ड्रोन उतरला. आप्पा आत गेले ते येईचनात. मी बाबांकडे बघतेय, बाबा जमिनीकडे... शेवटी आले. टोपी उलटीपालटी करत, डोळ्यांजवळ नेत. वरच्या बाजूला निळ्या ठिपक्यांची नुसती रांगोळी, आणि खालच्या घडीवरसुद्धा! पंख्यांच्या वाऱ्याने थेंब फांद्यांत शिरून खालून लागले होते. आप्पांनी ठिपके मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिलं. टोपी झटकली, डोक्यावर घातली.

"हाण उरलेलं. आन् उद्या धाकट्या भावाच्या रानात ये."

मी उडी मारली. हो, अख्ख्या गावासमोर, बांधावर, पायलटच्या जॅकेटमध्ये!

या आठवड्यात गावातली जवळजवळ सगळी तूर मी फवारली. काल उदगीरकडून फोन आला, आज धर्माबादहून. दोघांनाही नंबर 'ठिपक्यांच्या टोपीवाल्या आप्पांनी' दिलाय. आप्पा ती टोपी धुवू देत नाहीत म्हणे, बाजाराच्या दिवशी मुद्दाम तीच घालून जातात. हैदराबादच्या लॅबला मी आज सकाळी नाही म्हणून कळवलं.

माझं लायसन्स मी लॅमिनेट करून गाडीच्या काचेवर लावलंय. आजवर एकानेही ते वाचलेलं नाही... आप्पांची टोपी मात्र अख्खा बाजार वाचतोय.

मावशी, तुमची नीळ मी सगळी संपवली. पुढच्या खेपेला दोन बाटल्या आणते.