सुईचा हात

आमच्या जातीतल्या बायका गोंदायच्या. जातीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत, कुठल्या यादीत बसतं तेवढं बघतात.

माझ्या लहानपणी जामखेडच्या बाजूला, खर्ड्याच्या किल्ल्याजवळ आमची पालं पडायची. तिथून आई सुयांची जुडी आणि काजळीची वाटी घेऊन गावं फिरायची. पोरीचं लग्न ठरलं की तिला गोंदल्याबिगर सासरी धाडत नसत. आई पोरीचा हात मांडीवर घेऊन बसायची आणि टोचताना तिच्या होणाऱ्या सासूला इतक्या शिव्या द्यायची की पोरगी रडता रडता हसायची. काम झालं की आई त्या जागी हळद दाबायची आणि सुपातलं धान्य पदरात घ्यायची. मग प्यायला पाणी मागायची. पाणी वरून ओतायचे, तिच्या ओंजळीत. पोरीचं रक्त काढायला आईचा हात चालायचा, तांब्या धरायला चालायचा नाही.

मग गोंदणं बंद पडलं. शिंगणापूरच्या बाजारात मशीनवाली पोरं बसायला लागली आणि सुईनं रोग होतो असं शिकलेले लोक सांगायला लागले. आम्ही श्रीरामपूरला आलो. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे, त्यातच गेले. आईला पुढं एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम मिळालं. आम्ही कोण, काय करायचो, हे तिनं गल्लीत कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "जामखेडकडचे हाय आमी." तेवढंच.

पगार म्हणाल तर नावालाच होता. पण शाळेतून आली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं असायचं. एकदा मी म्हणालो, "आता मी कमावतोय, सोड की ते काम." ती म्हणाली, "आरं, सगळ्या जातीची पोरं माझ्या हातचं खात्यात. ताट चाटून पुसून. तुला काय कळायचं." मला कळलं होतं. म्हणून परत कधी काम सोड म्हणालो नाही.

घराण्यात कॉलेज केलेला मी पहिला. आर्ट कॉलेजात चार वर्षं मी प्लास्टरचे परदेशी पुतळे काढले, बाटल्या काढल्या, आयुष्यात न खाल्लेली फळं काढली. बरी काढली. शेवटच्या वर्षाला एक सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तुझ्या समाजाचं काहीतरी कर ना. वारली वगैरे."

"सर, आम्ही वारली नाही."

"असू दे रे. स्टाईल तर आहे."

त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून खूप विचार केला. सरांचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग याचा, की आमचं काय ते मलाही येत नव्हतं. विंचू, पाळणा, तुळस, सीतेचा पदर ही नावं ठाऊक होती. काढायला गेलो तर पुस्तकातल्या नक्षीसारखं निघायचं.

घरी येऊन आईपुढं कागद ठेवला. तिनं पेन धरलं, कागदाकडं बघत राहिली आणि एक वेडीवाकडी रेघ मारून पेन खाली ठेवलं. "ह्याच्यावर कसं काढू? ह्याला मनगट कुठं हाय?"

तेव्हा मला आमची रीत समजली. सगळं माप हातातच असतं. मनगटाच्या हाडापासून तिची चार बोटं, तिथं पहिला ठिपका. हात बारीक असला तर विंचवाला नांग्या छोट्या, भरलेला असला तर मधे आणखी एक ओळ. कातडी ताणून धरल्याशिवाय रेघ कुठं वळवायची ते तिला आठवतच नव्हतं. समोर माणूस लागायचा, त्याच्याशी बोलायला लागायचं.

मी बाही वर केली.

"बाप्याचा हात, केसाळ," ती म्हणाली. "ह्याच्यावर काय तुळस उगवायची व्हय? रान उगवंल."

तिनं माझा हात मांडीवर ओढला आणि जेल पेननं सुरुवात केली. सुई नाहीच धरायची असं तिनं आधीच बजावलं होतं. सुरुवातीला पेन अडखळत होतं. मग तिनं माझ्या न ठरलेल्या सासूला शिव्या द्यायला घेतल्या आणि पेन आपोआप चालायला लागलं. ती खालीच बघत होती, आवाज मात्र पालातला, मी पोरगा असतानाचा. असं ती दर रविवारी करायची. एका वेळेला एकच आकृती. संध्याकाळी मी ती मोठी करून कॅनव्हासवर घ्यायचो, मग हात साबणानं धुवायचो. पुढच्या रविवारी नवी.

त्या चित्रांचं पुण्यात प्रदर्शन लागलं. लोकांना आवडलं. इकडच्या पेपरवाल्यानं मुलाखत घेतली आणि आईच्या हातात माझा हात असा फोटो काढला. आईनं मला आधी विचारलं, "तोंड न्हाई ना येनार माझं?" तोंड आलं नाही. पण ती कोणत्या शाळेत खिचडी करते ते बातमीत आलं. ते मीच सांगितलं होतं, अभिमानानं. ती माझी आई आहे, गोंदणारीण आहे, शाळेत मुलांना जेवू घालते. यात लपवायचं काय? आजही कोणी विचारलं तर असंच सांगेन.

शाळेच्या समितीतले एक सदस्य हार घेऊन घरी आले. खोलीभर लावलेली चित्रं बघितली. "आपली संस्कृती जपताय," म्हणाले. आईनं चहा केला. बोलता बोलता त्यांनी कप बाजूला सारला. तसाच भरलेला राहिला. मी समजलो, शुगर असेल.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. मीही बरोबर गेलो. तेच सदस्य खुर्चीत बसलेले.

"काकू, आता आराम करा तुम्ही," ते म्हणाले. "मुलगा एवढा मोठा झाला. आता कशाला चुलीपुढं?"

आई म्हणाली, "मला आराम नगं. काय चुकलं का माझं?"

मुख्याध्यापक टेबलाकडं बघत म्हणाले, "चुकलं काही नाही, मावशी. पालकांचं म्हणणं आहे. गोंदण्याचं काम, म्हणजे रक्ताचा संबंध येतो. शेवटी हायजिनचा प्रश्न आहे."

"सुई सोडल्याला पंधरा वर्षं झाली," आई म्हणाली. "तुमच्याच पोरांनी खाल्लंय की माझ्या हातचं. कोन आजारी पडलं?"

मी म्हणालो, "सर, दवाखान्यातली नर्स सुई टोचते. तिच्या घरी जेवत नाही का तुम्ही?"

सदस्य हसले. "तुम्ही शिकलेले आहात. वाद घालू नका. आम्ही व्यक्तीच्या विरोधात नाही."

व्यक्तीच्या विरोधात नव्हतेच ते. हाताच्या विरोधात होते. त्यांना तो फोटोत चालत होता.

बाहेर फाटकाजवळ दोन बायका पोरांना न्यायला उभ्या होत्या. एकीच्या हनुवटीवर गोंदलेला ठिपका होता. आईला बघून ती मोबाईलवर बोलायला लागली. फोन वाजलेला मात्र मी ऐकला नव्हता.

महिन्याभरानं त्याच शाळेतून मला फोन आला. भिंती रंगवायच्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमची ती पारंपरिक डिझाइन्स काढा की. मुलांना आपला वारसा कळेल."

मी म्हणालो, "काढतो. आईला परत कामावर घ्या."

"ते दोन वेगळे विषय आहेत."

"माझ्याकडं एकच आहे," म्हणालो आणि फोन ठेवला. भिंत नंतर दुसऱ्या कोणीतरी रंगवली. गोलात हात धरून नाचणारी वारली माणसं. माझे सर बघतील तर खूश होतील.

आई आता मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. कांदा कोणाचा हात लागलाय ते विचारत नाही, असं ती म्हणते. पण संध्याकाळी जेवताना पहिल्यासारखं सांगत नाही, आज कोणत्या पोरानं तिसऱ्यांदा घेतलं, कोण डाळ बाजूला काढत होतं.

आणि रविवारचं बंद झालं. मी बाही वर केली की ती उठून जाते. एकदा हट्टानं बसलो, तर म्हणाली, "लई झालं. तुझ्या रंगात उतरवलंस तेवढं बास. पालातनं हित यायला मला निम्मं आयुष्य लागलं. तू मला एका फोटोत परत न्हेलंस."

मी म्हणालो, "मी नाही नेलं. त्यांनी नेलं."

"व्हय. त्यांनीच न्हेलं. पर वाट कोनी दावली?"

मला तिचं पटलेलं नाही. लपून राहिली असती तर काम राहिलं असतं, हे खरं. पण लपून मिळणारं काम हा मान आहे असं मी मानणार नाही, तिनं मानलं तरी. यावर आमचं जमत नाही, आणि जमेल असंही वाटत नाही. तोवर मी जे उतरवून घेतलं तेवढंच आहे. मोर काढायचा राहिला. सीतेचा पदर अर्धा राहिला. गर्भार बाईच्या पोटऱ्यांवर काढायचं काहीतरी होतं, त्याचं नुसतं नाव एकदा तिच्या तोंडून निसटलं होतं. मी एकट्यानं काढायला बसतो तर पुन्हा पुस्तकातली नक्षी निघते.

परवा पुण्याच्या आयोजक बाईंचा फोन आला. पुढच्या प्रदर्शनात आईंना आणा म्हणाल्या. लोकांसमोर त्या हातावर काढून दाखवतील, फार छान होईल.

आई भाकरी थापत होती. मी फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. तिनं परातीवरून मान वर केली नाही.

"त्यांना इचार, त्या दिवशी पाव्हन्यांचा सैपाक मी केला तर चालंल का. मग येते. मोर पन काढते."

मी विचारलं. बाई हसल्या, चांगल्या मनानंच. "अहो, त्यांना कशाला त्रास? केटरर ठरलाय आपला."

"त्रास नाही. तिची तेवढीच अट आहे."

"नाही हो, ते अवघड आहे. पाहुणे असतात, प्रोटोकॉल असतो. तुम्ही समजावा ना त्यांना."

मी आईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मग त्यांना सांग," ती म्हणाली, "म्हातारीला काढता येत न्हाई."

मी तसंच सांगितलं.