पुलावरचा पिंपळ

मामांसमोर कोणी पिंपळाचं कौतुक केलं की ते विषय बदलत. बौद्ध घरातला माणूस, विहारात सगळ्यांच्या आधी हजर, आणि पिंपळाशी उभा दावा! आम्हा भाचरांना याची मोठी गंमत वाटे. या दाव्याचं कारण म्हणजे आमच्या आजोळच्या नाल्यावरचा पूल.

आदिलाबादजवळ तामसीच्या बाजूला रस्ता सोडून आत वळलं की हा पूल लागतो. निजामाच्या काळातला, काळ्या दगडाच्या तीन कमानी, चुन्यात बांधलेला. पावसाळ्यात गावात जायला तेवढीच वाट. मामा आदिलाबादला कचेरीत कारकून. पुलाशी त्यांचा सरकारी संबंध शून्य. पण पाहुण्याला चहाआधी पूल दाखवायची त्यांना खोड होती. लाकडी साच्यावर दोन्हीकडून पाचरीसारखे दगड रचत आणले, शेवटी माथ्याचा दगड ठोकला आणि साचा काढून घेतला, हे ते अशा थाटात सांगत की साचा यांनीच काढला असावा. पाणी फाटून जावं म्हणून खांबांना पुढे टोकदार नाक ठेवलंय, हेही ऐकावंच लागे. "वरून वजन पडलं का दगडं एकमेकाईले धरते," ते म्हणत. "मधात मूळ घुसलं का सोडते."

म्हणून पाऊस उघडला की मामा खुरपी घेऊन पुलावर. पाखरांनी टाकलेल्या बियांतून सांध्यांत पिंपळ उगवत. ते बोटभर असतानाच मुळासकट काढून मामा विहाराच्या नाहीतर शाळेच्या आवारात लावत. गावातले बहुतेक पिंपळ असे पुलावरून आलेले आहेत.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना नागपूरला राहावं लागलं आणि पुढे बरेच दिवस चालणंच बंद झालं. ते पुन्हा पुलावर पोचले तेव्हा मधल्या कमानीत कमरेएवढा पिंपळ उभा होता. शेतकऱ्यांच्या बायांनी त्याला सूत गुंडाळलेलं, मामीने पौर्णिमेला मेणबत्ती लावलेली. गाव खूश होतं. माथ्याजवळचा एक दगड मात्र हलला होता, आणि कुऱ्हाड लावायला कोणी तयार होईना.

"बुद्धाच्या झाडावर कुऱ्हाड चालवता काऊन?" मामीने विचारलं.

"बुद्धाले बसाले दुसरं झाड भेटन," मामा म्हणाले. "आपल्याले दुसरा पूल नाई भेटत."

शेवटी त्यांनी स्वतःच तोडला, आधी हात जोडून. सांध चुन्याने भरली. बुंधा विहारामागे लावून उन्हाळाभर पाणी घातलं, पण तो जगला नाही. मामी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर मामा पाहुण्यांना पूल दाखवेनासे झाले. मला त्याचं फार वाईट वाटे.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. यंदा पाऊस उघडल्यावर मी गावी गेलो, तर पुलाच्या कठड्यापाशी मामी वाकलेली दिसली. हातात मामांची खुरपी, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पिंपळाची रोपं. मी खुरपी मागितली. तिने दिली नाही.

"लहान हाये तवाच काढा लागते, बापू," ती म्हणाली. "मोठं झालं का मंग तुया मामासारखं कोनाले तरी तोडा लागते."