आदल्या दिवशीचा चुना

आमचे सासरे भातसानगरला धरणाच्या कामावर होते. साहेबांची गाडी येणार म्हटलं की आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या दगडांना चुना मारायचा, गवत छाटायचं, आणि गाडी गेली की पुन्हा सावलीत विड्या ओढत बसायचं. निवृत्त झाले तरी ही सवय सुटली नाही. मधुमेह निघाला तेव्हा रक्ततपासणीलाही त्यांनी साहेबच मानलं.

तपासणी दोन दिवसांवर आली की कारल्याचा रस सुरू. भात बंद, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी आटगाव स्टेशनपर्यंत चालणं. उपाशीपोटीची साखर एकशेदहाच्या आसपास भरायची. तो कागद खिशात घालून गावभर मिरवायचे, जणू बोर्डात पहिले आलेत. आणि त्याच दुपारी ताटात भाताचा डोंगर, वर गुळाचा खडा. सासूबाई वाढताना हळहळायच्या, बिचाऱ्यांनी दोन दिवस धड खाल्लं नाही. मी बोलून दमले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग लावणीच्या वेळी बांधावर पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. महिना उलटला तरी जखम भरेना. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायला लावली. सासरे शिरस्त्याप्रमाणे कारलं प्यायले. आकडा आला अकरा. एकशेदहाची अकरावर आणली, म्हणत त्यांनी पेढे आणले, दोन वाटेतच खाल्ले, आणि उरलेले दवाखान्यात नेले.

बाईंनी पेढ्याला हात लावला नाही. हा आकडा वेगळा, टक्क्यांतला. बऱ्याच जणांचा सातच्या आसपास असावा लागतो, असं त्यांनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते आणि पेशी असेपर्यंत सुटत नाही. दोन-तीन महिने साखर कशी होती ते त्यात दिसतं, दोन दिवसांच्या कारल्याने ते पुसलं जात नाही. एवढं ऐकूनही सासरे पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसले होते. मला इतकी लाज वाटली की मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

अंगठा काढावा लागला. साखर अशीच राहिली तर पुढे पाऊल जाईल, हेही बाईंनी स्वच्छ सांगितलं.

घरी आल्यावर तरी माणूस सुधारेल? जेवायला बसता बसता त्यांनी मला विचारलं, पुढली तपासणी कवा? कारलं कधी आणायचं याचाच विचार. म्हटलं, मामा, कारलं राहू द्या, ताट बदला, आणि आजपासून रोज.

"म्हंजे साहेब रोजच येनार?"

"साहेब गेलाच नाय कवा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या आंगातच बसलाय."

एवढं शहाणपणाचं बोलून त्यांनी हाताच्या सवयीने भाताचा डोंगर वाढायला घेतला. सासऱ्यांनी पायाच्या पट्टीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ताटावर हात आडवा धरला. बैल गेला नि झोपा केला. पण गोठ्यात पाऊल अजून शिल्लक होतं, म्हणून मी तोंड आवरलं.