फ्रीजरमध्ये डोकं घालणारा माणूस

मे महिन्यात राजुऱ्यात आमचा फ्रीज बिघडला, की अख्ख्या गल्लीचं डोकं तापतं. सासूबाई उदार असल्यामुळे सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडेच असतात. यंदा फ्रीज आतून खडखडू लागला, दूध नासलं आणि मेकॅनिकला बोलवावं लागलं.

आल्या आल्या त्याने फ्रीजरमध्ये डोकं घातलं, दार उघडं असतानाही आतला पंखा फिरावा म्हणून दाराजवळचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तो हललाच नाही. झोपला की काय, म्हणून मी खाकरले.

"पंख्याचा आवाज ऐकून राह्यलो, बाई," तो म्हणाला. पंखा केव्हाच थांबला होता.

शेवटी त्याने आतलं झाकण काढलं. पंख्याची पाती बर्फात रुतली होती. त्यांवर कोमट पाणी ओतत तो म्हणाला, "पंखा चांगला हाय. पन तुमी दिवसभर दार उघडता, कूलरची ओली हवा आत जाते, तिचा बर्फ होते. गल्लीले सांगा, हा फ्रीज हाय, पाणपोई नाई."

हे सासूबाईंना कोणीतरी ऐकवावं, याची मी लग्नापासून वाट पाहत होते. पंखा फिरू लागला. मी खुशीने त्याला सरबत दिलं.

जाताना त्याने पिशवीतली आपली बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवली. "दुपारी येतो न्याले."

सासूबाई गालात हसल्या.

आता तो रोज येतो आणि बाटली काढण्याआधी आत डोकं घालून डोळे मिटतो. काल मी त्याला सांगितलं, की पंखा पुन्हा खडखडतोय.

डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला, "म्हनून तं रोज येऊन राह्यलो, बाई."