शाईआत्या आणि तिच्या राक्षसिणी

माझ्या आत्याने काढलेल्या राक्षसिणींची कधी भीती वाटली नाही, वाईट मात्र वाटायचं. मुंबईच्या एका मुलांच्या मासिकासाठी ती परीकथांची चित्रं काढी. तिच्या राक्षसिणी बहुधा पाठमोऱ्या असत. गुहेच्या तोंडाशी केस विंचरत बसलेल्या, नाहीतर एकट्याच तांदूळ निवडणाऱ्या. मी एकदा विचारलं, "हिचं तोंड का नाही दाखवलंस?"

"तोंड दाखवलं की तुम्ही लगेच तिला मारायला निघता," ती म्हणाली. "आधी जरा तिच्याकडे बघा."

रत्नागिरीत मांडवीला आमचं घर. माजघराच्या खिडकीशी बसून ती दुपारभर टाक चालवी. बोटं कायम काळी, म्हणून ती आमची शाईआत्या. रान काढताना सगळं पान काळ्या रेघांनी भरून टाकी, पण कुठेतरी बोटभर पांढरी जागा सोडी. म्हणे, "बाहेर यायची वाट दिसली नाही, तर पोर आत शिरेल कशाला?" संपादकांनी एकदा कळवलं, राक्षसिणीला सुळे हवेत. तिने सुळे काढले, आणि राक्षसिणीच्या मांडीवर झोपलेली एक खारही काढली. चित्र तसंच छापून आलं.

आत्याला नवऱ्याने टाकलं होतं. त्याने मुंबईत दुसरं लग्न केलं आणि हिला माहेरी आणून सोडलं. मी परकरी होते तेव्हा ती दुसरी बायको वारली आणि तो आत्याला न्यायला आला. ओटीवर बसून बाबांना म्हणाला, "पोर लहान आहे. घरात बाईमाणूस नाही." बाबांना वाटलं, बहिणीचा संसार पुन्हा उभा राहील. तेवढ्यात आत्या दाराशी आली.

"दादा, मी जाणार नाही. पोरीला इथे पाठवायला सांग."

बाबा बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या बोटीने सुमी आली.

रत्नागिरीला सावत्र आई आहे, असं सुमीला कुणीतरी घाबरवून ठेवलं होतं. ती माझ्या आईच्या पदराआड लपे. आत्याने तिला एकदाही बोलावलं नाही, आपली चित्रं काढत राहिली. शेवटी सुमीच खिडकीपाशी गेली.

"तू सावत्र आई आहेस?"

"हो गो."

"मग मला उपाशी ठेवणार?"

"ते गोष्टी लिहिणारे लिहितात. मी नुसती चित्रं काढते. भूक लागलीय का?"

सुमीने मान डोलावली. आत्याने तिला दहीभात भरवला, तेव्हा तिच्या हनुवटीला शाई लागली.

मग नेमकी दुष्ट सावत्र आईचीच गोष्ट मासिकाकडून आली. गोष्टीत आई मुलीला पावसात बाहेर काढून दार लावून घेते. आत्याने काळा पाऊस काढला, भिजलेली मुलगी काढली, पण दार उघडंच ठेवलं. आतल्या दिव्याचा उजेड मुलीच्या पायापर्यंत येत होता. सुमी ते चित्र पुनःपुन्हा मागून बघे.

दोनेक वर्षांनी तिच्या वडिलांनी तिसरं लग्न केलं आणि ते मुलीला न्यायला आले. पोर त्यांची, अडवणार कोण? बाबाच या खेपेला म्हणाले, "राहू दे की तिला." पण त्यांनी ऐकलं नाही.

बंदरावर, मोठ्या बोटीपर्यंत नेणारा पडाव लागला होता. सुमी आत्याचं लुगडं सोडेना. आत्याने खाली बसून तिचं नाक पुसलं.

"तिकडे नवी आई आलीय," ती म्हणाली. "तीही बावरली असेल. पहिल्या दिवशी तूच तिच्याजवळ जा हो."

"आणि तू?"

"मी इथे आहे."

पडाव बोटीला लागेपर्यंत आत्या उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल, वहिनी जेवायची थांबली असेल." पानावर ती बसली, दोन घास खाऊन उठली. त्या महिन्यात मासिकाला आमच्या घरातून चित्र गेलं नाही.