बागकाम मंडळातली आसराबाई

केदारखेड्याच्या आसराबाईंचा सारा जन्म मेंढरांमागं आणि शेतात गेला. नवरा धुळाजी वारले, मेंढरं विकली गेली, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या अंगदनं आईला जालन्याजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत खोली घेऊन दिली. तिथं भजनाचं, कॅरमचं, बागकामाचं अशी मंडळं होती.

पहिल्याच आठवड्यात बँकेतून निवृत्त झालेल्या अरुंधतीताई वही घेऊन आल्या. "आसराबाई, तुम्हाला छंद कशाचा?"

"छंद न्हाई बाई, म्या कामच केलं."

ताईंनी त्यांचं नाव बागकामात घातलं. मंगळवारी बायका जमायच्या आधीच आसराबाई खुरपं घेऊन बसल्या. किती दिवसांनी हाताला माती लागली होती! चहा येईस्तोवर चारही वाफे लख्ख झाले. आता बायका आपल्याशी बोलतील, असं त्यांना वाटलं.

"अहो, सगळंच उरकलंत?" अरुंधतीताई हसल्या. "आम्हाला हे महिनाभर पुरलं असतं."

बाकीच्या जणी नातवंडांच्या गप्पा मारत चहा पिऊन गेल्या.

संध्याकाळी अंगदचा फोन आला. "आई, मन रमलं का?"

"समदं बराबर हाय रं. लई बायका हायेत हितं."

पुढच्या मंगळवारी त्या मुद्दाम उशिरा गेल्या आणि आठवड्याच्या पावसानं पुन्हा गवत उगवलेल्या कडेच्या वाफ्याशी बसल्या. एक काडी उपटायची, थांबायचं, बायकांचं बोलणं ऐकायचं. कुणी विचारलं असतं, तर मेंढरांच्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडं होत्या. चहा झाला, कपही गोळा झाले. वाफ्यात गवत अजून बरंच बाकी होतं.