वळणावरचा लगाम

गर्भगिरीच्या डोंगरातून तिसगावकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या एका वळणावर म्हातारा सहादेव कुणाचंही घोडं अडवतो आणि आधी शिव्या घालतो. "घोडं हुबं कर. समोरचं जाऊ दे, मग हाल." शहरातून येणारे स्वार त्याला वेडा म्हणतात. म्हणोत बापडे.

पूर्वी तो घोडीवर किराणा लादून डोंगरातल्या वस्त्यांना पोचवायचा. अरुंद वाटेवर समोरून दुसरं घोडं आलं की थांबायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नव्हतं. एक घोडं दौडलं की दुसरं त्याच्यामागं धावतंच.

शहाण्णव साली त्याची बायको ठकूबाई पोटदुखीनं तळमळत होती. तिला घोडीवर बसवून, लगाम हातात धरून तो दवाखान्याकडे उतरत होता. याच वळणावर शहरातले काही हौशी स्वार खालून दौडत आले. सहादेव ओरडला, तरी ते घोडीला घासून वर निघून गेले. लगाम त्याच्या हातातून सुटला आणि घोडी वळून त्यांच्यामागं उधळली. ठकूबाईनं आयाळ घट्ट धरली होती.

तो मागं धावत सुटला. "थांबा, तुमी थांबला तर ती बी थांबंल," दोन्ही हात वर करून तो ओरडत होता.

सगळ्यात मागच्या स्वारानं वळून पाहिलं, आणि हसून त्यालाही हात केला.

पुढच्या चढावर ठकूबाई दगडांवर पडली. दवाखान्यात न्यायची गरज उरली नाही.